बाटलीवरचं नाव

कारखान्यात माझ्या सुनेला सगळ्या कॉलरवाली म्हणतात. आमच्याकडे एक शर्ट एकटी बाई शिवत नाही. वीस मशीन एका ओळीत आणि शर्ट तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकत येतो. एक बाही जोडते, एक खिसा बसवते, एक काजं करते. जिचं जे काम तेच तिचं नाव. मी ओळीच्या शेवटी उभी राहून तयार शर्टाचे लोंबते धागे कापते, म्हणून मी धागेवाली मावशी. सून मला घरी आई म्हणते आणि कारखान्यात मावशी. हे तिनंच पहिल्या दिवशी ठरवलं होतं. सासू-सून एकाच ओळीत म्हटल्यावर बायकांना आयती करमणूक झाली असती.

आमच्या दाराशेजारी भिंतीत एक खिळा आहे. त्यावर लाल दोरा गुंडाळलेलं एक लाकडी रीळ टांगलेलं असायचं. बाहेर मोरीकडे जायचं तर रीळ हातात घेऊन जायचं आणि आल्यावर परत खिळ्याला लावायचं. ओळीला रीळ एकच, म्हणजे एका वेळी एकच बाई बाहेर. नियम सुपरवायझरबाईंचा होता. त्यांच्या मनगटावर घड्याळ आणि तोंडात मिनिटं, म्हणून त्यांचं नाव आम्ही घड्याळबाई ठेवलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या रिळापेक्षा आम्हाला एकमेकींचा धाक जास्त. कॉलरवाली उठली की पुढचीच्या हाताला काम उरत नाही आणि मागून येणाऱ्या शर्टांचा ढीग साचतो. कुणी तोंडानं बोलत नाही. नुसत्या माना वर होतात.

म्हणून आम्ही पाणी कमी प्यायचो. त्यात मी तरबेज होते. सकाळी दोन घोट, जेवताना अर्धा पेला, बस. तोंड कोरडं पडू नये म्हणून जिभेखाली शर्टाचं बटण ठेवायचं. ते चार भोकांचं हवं, दोन भोकांचं पातळ असतं आणि दातात सटकतं. बावीस वर्षं मी असे दिवस काढले आणि मला त्याचा अभिमानही होता.

सून कामाला लागली तेव्हा पहिल्या आठवड्यात दिवसाला तीन-तीनदा रीळ घेऊन जायची. काजवाली सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, हिचं मशीन मोरीतच लावा, येण्याजाण्याचा त्रास वाचेल. सगळ्या हसल्या, मीही हसले. पण सुनेचा उतरलेला चेहरा घरी येईपर्यंत तसाच राहिला. संध्याकाळी मी तिला माझ्या डब्यातलं एक पांढरं बटण काढून दिलं. माझ्या सासूनं मला दागिना दिला नव्हता. मी माझ्या सुनेला बटण दिलं.

तिनंही मला काही दिलं. मला वाचता येत नव्हतं. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तिनं मला शर्टाच्या गळ्याच्या पट्टीवरून अक्षरं शिकवली. मी आयुष्यात पहिलं वाचलेलं वाक्य म्हणजे ‘थंड पाण्यात धुवा’. त्या दिवशी मी शंभर शर्टांवर तेच एक वाक्य वाचलं आणि दर वेळी ते बरोबर निघालं.

तिची दोन बाळंतपणं पुरी झाली नाहीत. पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं, दुसरं पाचव्यात. दुसऱ्या वेळी आम्ही नावसुद्धा काढलं होतं. नवव्या दिवशी ती मशीनवर येऊन बसली आणि कुणी काही विचारायच्या आत तिनं सुईत दोरा ओवला. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा पोट दिसायला लागेपर्यंत आम्ही कुणाला सांगितलं नाही. माझा मुलगा ट्रक चालवतो, पंधरा-पंधरा दिवस बाहेर असतो. रोज फोनवर त्याचा पहिला प्रश्न एकच, सगळं आहे ना? सगळं म्हणजे काय, ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

सहावा लागला तेव्हा तपासणीची तारीख आली. दोन तासांची सुट्टी काढून आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. साडेदहाला कारखान्याचं फाटक बंद होतं, त्याच्या आत पोचायचं होतं. रांगेतच पाऊण तास गेला. सिस्टरनं वजन घेतलं, रक्तदाब पाहिला आणि विचारलं, दिवसाला पाणी किती पितेस? सून पापणी न हलवता म्हणाली, दहा पेले. सिस्टरनं तिच्या फुटलेल्या ओठांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वजनकाट्याकडे बघत राहिले.

मग सिस्टरनं झाकणाची एक छोटी बाटली दिली. तिच्यावर पांढरी पट्टी आणि पट्टीवर सुनेचं नाव. लघवी तपासायची, ही भरून द्या आणि जा.

सून आत गेली आणि दहा मिनिटांनी तशीच रिकामी बाटली घेऊन बाहेर आली. होत नाही म्हणाली. सकाळपासून पाणीच घेतलं नव्हतं, होणार कुठून? ती नळाचं दोन पेले पाणी प्यायली आणि आम्ही बाकावर बसून राहिलो. भिंतीवरच्या घड्याळात दहाला पाच कमी. दहा. दहा वाजून पाच. ती पुन्हा आत गेली आणि पुन्हा तशीच आली.

मी म्हणाले, “आण ती इकडे.”

कामावर उशिरा जायचं म्हणून मी सकाळी दोनदा चहा घेतला होता. बाटली मी काठोकाठ भरून आणली. ती पाहून सून आधी गांगरली आणि मग आम्हा दोघींना असं हसू फुटलं की भिंतीला हात टेकावा लागला. बाटली खिडकीत ठेवून आम्ही धावतच फाटक गाठलं. मला वाटलं होतं, बाळाची खरी तपासणी सोनोग्राफीत होते, ही बाटली नुसता कागद भरण्यापुरती. ती कशासाठी मागतात हे मी विचारलं नव्हतं, आणि वाचता यायला लागल्यापासून मला सगळं कळतं असाही माझा थोडा समज झाला होता.

चार दिवसांनी सिस्टरचा फोन आला. बाकी ठीक आहे, जंतुसंसर्ग नाही, पण लघवीत साखर दिसते. रक्त तपासायला उपाशीपोटी या.

सुनेनं फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली.

“आई, ही साखर तुमची आहे.”

मी म्हणाले, मला काय धाड भरलीय. ती म्हणाली, उद्या जाऊन खरं सांगून टाकू. तिथं मी तिला अडवलं. बाळंतपणाला आपल्याला त्यांच्याच दारात जायचंय, म्हटलं. आत्ताच खोटं उघडं पडलं तर त्या वेळी ते नीट बघतील का? आणि रक्त तपासायला गेलो आणि त्यात साखर निघाली नाही, तर विचारणारच की मग ती आली कुठून. त्यापेक्षा गप्प बसू. थोडे दिवस तू चहात साखर घालू नकोस म्हणजे झालं. ती माझं ऐकायची. तिनं साखर सोडली. मी दोन चमचे घालून पीत राहिले.

लघवीला जळजळ होते, हे तिनं मला सांगितलं नाही. पोटुशा बाईला असं होतच असेल असं तिला वाटलं. शिवाय तपासणीत जंतुसंसर्ग नाही असं आलंच होतं. ते कुणाच्या तपासणीत आलं, हे तिला माहीत होतं. पण छापील कागदावर आपलं नाव असलं की माणूस त्यावर विश्वास ठेवतो.

चार आठवडे गेले, सातवा लागला. सकाळी अकराच्या सुमाराला माझ्या टेबलावर एक शर्ट आला, त्याच्या कॉलरचं एक टोक लांब आणि एक आखूड. मी तो बाजूला ठेवला. पुढचा आला, तोही तसाच. तिसऱ्याची तर शिवण गळ्यावरून घसरली होती. सुनेच्या हातची कॉलर चार वर्षांत एकदाही वाकडी आली नव्हती. मी कात्री टाकली आणि तो शर्ट हातात घेऊन ओळीच्या कडेनं वर गेले.

पंख्याखाली बसून ती कुडकुडत होती. कपाळाला हात लावला तर चटका बसला. एक हात तिनं बरगडीखाली पाठीला दाबून धरला होता. मी पोटावर हात ठेवला आणि माझ्या हाताखालीच ते दगडासारखं घट्ट झालं, तसंच राहिलं, मग सैल पडलं.

“कधीपासून?”

“सकाळपासून. थांबतंय आणि परत येतंय.”

मी तिला उठवलं. दोन मशीनं थांबली, मग पाच, मग सगळी. घड्याळबाई तरातरा आल्या आणि रीळ कुठे आहे म्हणून विचारलं. मग त्यांनी सुनेचा चेहरा पाहिला. दवाखान्याची गाडी त्यांनीच बोलावली आणि ती येईपर्यंत सुनेला दंडाला धरून उभ्या राहिल्या. स्वतःच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. अकरा वाजून गेले होते आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. त्याही पीत नव्हत्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांचा आवाज शांत होता. त्यांनी पोटावर पट्टा बांधला आणि खोलीत बाळाच्या ठोक्यांचा आवाज सुरू झाला, टापांसारखा. मी तो ऐकत होते आणि तो थांबू नये एवढंच मागत होते. डॉक्टरीणबाई कागद चाळायला लागल्या. जंतुसंसर्ग नाही, म्हणाल्या. साखर आहे. रक्त तपासायला बोलावलं होतं, का आला नाहीत? मग सिस्टरकडे वळून साखरेविषयी काही सांगू लागल्या. तीच ती सिस्टर होती.

सुनेनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. ती बोलणार नव्हती, हे मला कळलं. दोन पोटं रिकामी झाली तेव्हाही तिनं कुणाला बोल लावला नव्हता, आता सासूला कशी लावणार? तिच्या पोटाला पुन्हा कळ आली आणि तिनं पलंगाची कड धरली.

मी म्हणाले, “डॉक्टर, ती बाटली माझी होती.”

“बाटली तुमची म्हणजे?”

“नाव हिचं. आतलं माझं.”

सिस्टरनं तोंडावर हात धरला. हसू दाबायला की ओरडणं दाबायला, कोण जाणे. डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला. मी थांबलेच नाही. दहा पेले नाही, दोन पेले, म्हटलं. रिळाचं सांगितलं, ढिगाचं सांगितलं, बटणाचं सांगितलं. बटणाचं सांगताना सिस्टरला काहीतरी सुचलं. ती सुनेजवळ गेली आणि म्हणाली, तोंड उघड. सुनेनं जिभेखालून पांढरं बटण काढलं आणि सिस्टरच्या हातातल्या ट्रेमध्ये ठेवलं. टिक असा बारीक आवाज झाला. इतक्या तापात, इतक्या दुखण्यात, तिनं ते थुंकलं नव्हतं.

मला वाटलं, आता बाई मला खोलीबाहेर काढतील. त्या म्हणाल्या, “बरं झालं आत्ता बोललात. संध्याकाळी बोलला असता तर मी तोवर भलतीकडेच शोधत बसले असते.”

मग सगळं भराभर झालं. सिस्टरनं नळीनं लघवी काढली. ती गढूळ होती, भांडं विसळलेल्या पाण्यासारखी. जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता, त्यानं ताप आला आणि त्यानंच कळा सुरू झाल्या, असं डॉक्टरीणबाईंनी मला नीट उभं करून समजावलं. सलाईन लावलं, त्यातून औषध सुरू केलं. बाळ लवकर आलंच तर त्याला श्वास घेता यावा म्हणून सुनेला एक इंजेक्शन दिलं. येऊ नये म्हणून आपण प्रयत्न करतोय, म्हणाल्या. पण खात्री आज देता येणार नाही.

दुपारी मुलाचा फोन आला. सगळं आहे ना? मी त्याला सगळं सांगितलं, बाटलीपासून. मग तो म्हणाला, आता पाणी पितेय ना ती? मी म्हटलं, शिरेतून जातंय. येतो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आला. माझ्याशी तो दोन दिवस तुटक बोलला. मी ते ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळा थोड्या लांबल्या होत्या. सून झोपली होती. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा मी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

“आधीची दोन गेली,” मी म्हणाले. “तीही माझ्या बटणानंच गेली का?”

“मला माहीत नाही,” म्हणाल्या. “बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं आणि पुष्कळदा सापडतही नाही. तुम्हाला माझ्याकडून हो म्हणवून घ्यायचं असेल तर मी म्हणणार नाही. नाही म्हणायलाही माझ्याकडे पुरावा नाही.”

मी मान हलवली. मला दोन्हीपैकी काहीतरी एक हवं होतं. ते मिळालं नाही आणि अजूनही मिळालेलं नाही.

मग त्यांनी माझंच मनगट धरलं आणि मला आत नेऊन बसवलं. म्हणाल्या, महिनाभर एका बाईवरचे उपचार राहून गेलेत, तेवढे उरकून घेऊ. सिस्टरनं माझ्या बोटाला सुई टोचली. साखर भरपूर निघाली. एवढी साखर घेऊन तुम्ही दिवसभर उभं राहून काम करता, म्हणून सिस्टर मला रागावली. पलंगावरून सून सगळं ऐकत होती.

“माझ्या नावावर तुमचा आजार सापडला,” ती म्हणाली. “आता निदान चहात दोन चमचे टाकू नका.”

हसताना तिला पाठीत दुखलं आणि ती कण्हली. पण हसली. तिसऱ्या दिवशी कळा थांबल्या. ताप उतरला. टापांचा आवाज तसाच चालू होता.

तिला घरी पडून राहायला सांगितलं आणि मी कामावर गेले. जेवणाच्या सुट्टीत बायकांनी मला घेरलं. मी त्यांना बाटलीची गोष्ट सांगितली आणि त्या लोळून हसल्या. काजवाली म्हणाली, मावशी, नशीब, तुम्हालाच दिवस गेलेत असं निघालं नाही. मग मी गढूळ पाण्याचं सांगितलं, पट्ट्याचं सांगितलं, ट्रेमध्ये ठेवलेल्या बटणाचं सांगितलं. हसणं हळूहळू थांबलं. काजवालीनं गालात बोट घातलं आणि तोंडातलं बटण काढून डब्याच्या झाकणावर ठेवलं. मग बाहीवालीनं ठेवलं. मग खिसेवालीनं. झाकणावर सात बटणं जमली आणि त्यातली पाच चार भोकांची होती. मी बावीस वर्षांत किती जणींना शिकवलं होतं ते मला तेव्हा कळलं.

घड्याळबाई मागे उभ्या होत्या, आम्हाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खिळ्यावर दोन रिळं होती. दुसऱ्याला निळा दोरा होता आणि तो गुंडाळणाऱ्या हाताला शिवणकामाची सवय राहिलेली नव्हती. पण दोन रिळांनी ढीग कमी होत नाही, हे आम्हालाही कळत होतं. मग मीच कॉलर शिवायला शिकले. धागे कापता कापता मी उठणारीच्या जागी जाऊन बसते, आज कॉलरवर, उद्या खिशावर. माझ्या कॉलरी सुरुवातीला वाकड्या यायच्या. काजवाली म्हणाली, हिला ताप आलाय का बघा.

सुनेचे दिवस पुरे भरले. अडतिसाव्या आठवड्यात एका मंगळवारी दुपारी तिला मुलगी झाली. रडायला तिनं एवढाही वेळ लावला नाही. माझा मुलगा दाराबाहेर उभा होता. त्यानं मला विचारलं, सगळं आहे ना? आणि मी हो म्हटलं.

परवा दीड महिन्याची तपासणी होती. आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. सिस्टरनं खिडकीतून दोन बाटल्या पुढे सरकवल्या, एक सुनेची आणि एक माझी, साखरेसाठी. पट्ट्या कोऱ्या होत्या. पेन माझ्या हातात देऊन ती म्हणाली, “मावशी, नावं तुम्हीच लिहा. नंतर घोळ नको.”

मी बाकावर बसून लिहिली. जोडाक्षराला वेळ लागला. सुनेनं आपली बाटली घेतली, आत गेली आणि दोन मिनिटांत भरून आणली. माझी काही भरेना. सकाळी धावपळीत पाणी राहून गेलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजत आले होते.

“द्या इकडे,” सून म्हणाली. “मी भरून देते.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. मग तिचे ओठ हलले आणि मला कळलं. तिनं नळावरून पेला भरून आणला, मग आणखी एक, आणि मी प्यायला लागेपर्यंत समोरून हलली नाही. फाटक बंद होईल म्हटलं, तर होऊ दे म्हणाली. बाळ तिनं माझ्या मांडीवर दिलं आणि शेजारी बसली.

पाणी पिऊन मी बसून राहिले. थोड्या वेळानं मांडीला ऊब लागली, मग ती पसरली आणि लुगडं ओलं होऊन बाकावरून थेंब गळायला लागले. नात डोळे मिटून निवांत होती.

सुनेनं वाकून पाहिलं. “बघा,” म्हणाली, “हिला रीळ लागत नाही.”